पाण्याचे माप आणि माणसांची मोजदाद
(विलासराव साळुंखे यांचे स्मरण)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही ज्या गृहस्थांचे स्मरण योजले आहे, ते हिंगोलीचे नव्हत, मराठवाड्याचेही नव्हत. ते पुण्याचे कारखानदार, शिक्षणाने अभियंता. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. २००२ साली ते निवर्तले. ज्या कामाने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, नायगाव नावाच्या एका कोरड्या गावी झाले. मग हिंगोलीकरांनी चैत्र-वैशाखाच्या उन्हात संध्याकाळची वेळ काढून त्यांचे नाव का घ्यावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. व्याख्यान संपेपर्यंत त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आम्ही पत्करतो.

सल्ला देणारे जगात पुष्कळ. आपल्याकडे तर विहीर कोठे खणावी इथपासून सरकारने काय करावे इथपर्यंत सल्ला फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची जी किंमत होते तीच त्याची होते. परंतु काही थोडी माणसे अशी असतात की त्यांचा सल्ला घ्यायला लोक पायपीट करून जातात, आणि तो कडू लागला तरी घरी घेऊन येतात. अभियंत्याच्या अंगी हा अधिकार सहसा येत नाही. तो पूल बांधतो, धरण बांधतो, यंत्र जुळवतो आणि पुढच्या कामावर जातो. लोक पुलावरून जातात, पण पूल बांधणाऱ्याला आपल्या घरच्या वाटणीचा निवाडा विचारीत नाहीत. साळुंख्यांना तो विचारला गेला. यंत्रज्ञाचा सल्लागार कसा झाला, आणि त्या सल्ल्यात असे काय होते, हाच आजचा विषय.

१९७२ चे अवर्षण या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे, मिलोच्या भाकरी, मुलांच्या हातात सुकडी, आणि दावणीतून सोडून दिलेली जनावरे. मराठवाड्याने ते पाहिले, तसे पुरंदरनेही पाहिले. पुरंदर म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. तिथले कित्येक भाग असे की चांगल्या सालीही पाचशे मिलिमीटर पाऊस पुरता पडत नाही. साळुंखे तेव्हा पुण्यात कारखाना चालवीत होते. त्यांच्या कारखान्यात सूक्ष्म मापनाची उपकरणे तयार होत. ज्यांना कारखानदारीच्या भाषेत गेज म्हणतात, ती. दुष्काळी कामे पाहावयास ते त्या भागात गेले, आणि एक विसंगती त्यांच्या मनात घर करून राहिली. हजारो हात राबत होते, सरकारचा पैसा खर्च होत होता, आणि त्यातून निघत होती खडीची रास. पुढच्या अवर्षणात ही खडी कोणाला पाणी पाजणार होती? तेच हात जर पाणी अडवण्याच्या कामी लागले असते, तर मजुरीही मिळाली असती आणि दुष्काळाचे मूळही थोडे तरी उपटले गेले असते.

इतका विचार पुष्कळांच्या मनात आला असेल. साळुंख्यांचे वेगळेपण त्यापुढच्या पावलात आहे. त्यांनी निवेदन लिहून ते मंत्रालयात धाडले आणि स्वस्थ बसले, असे झाले नाही. त्यांनी नायगावच्या देवस्थानाची चाळीस एकर, म्हणजे सोळा हेक्टर, जमीन पन्नास वर्षांच्या खंडाने घेतली. जमीन कसली, उताराचे माळरान! गवतही धड न उगवणारे. तेथे झोपडी बांधून ते सहकुटुंब राहू लागले. त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण असल्या कथांत घरच्या माणसाने काय सोसले ते बहुधा गाळले जाते.

त्या माळावर त्यांनी काय केले, ते थोडे तपशिलाने सांगतो. तपशील कंटाळवाणा असतो खरा, पण पाण्याच्या बाबतीत सारे पुण्य तपशिलातच असते. प्रथम उताराला आडवे, समपातळीवर बांध घातले. पावसाचा थेंब उतारावरून धावत सुटला की मातीही घेऊन जातो. बांधापाशी तो थबकला की माती तेथेच राहते आणि पाणी हळूहळू जमिनीत उतरते. उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वाटेवर, त्यांनी पाझर तलाव केला. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणली. तलावातले पाणी झिरपत विहिरीत येते. वरून कालवा काढला असता तर पाणी वाटेत वाया गेले असते. विहिरीवर पंप बसवून ते पाणी पुन्हा वरच्या शेतात चढवले. म्हणजे जे पाणी उतारावरून खाली गेले, तेच माणसाने अडवून, मुरवून, उचलून पुन्हा माथ्यावर नेले. आणि हे पाणी बारमाही बागायतीसाठी नव्हते. पावसाने दगा दिला तर ज्वारी-बाजरीचे उभे पीक जगवण्यापुरते, रब्बीला एक-दोन आधाराचे पाट देण्यापुरते. काही वर्षांतच त्या माळावर धान्य आणि झाडे उभी राहिली, आणि शेजारचे शेतकरी बांधावर येऊन उभे राहू लागले.

येथवरची कथा एका हुशार अभियंत्याची आहे. सल्लागार तो येथून पुढे झाला.

शेतकरी म्हणाले, आम्हांलाही असेच करून द्या. साळुंख्यांनी होकार दिला, पण अटी घातल्या. त्या अटींतून पाणी पंचायत नावाची चळवळ उभी राहिली, आणि तिच्यासाठी त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था चालवली. अटी अशा. पहिली, योजना एकट्यादुकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल. दुसरी, पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही. तो घरातल्या माणसांवर ठरेल : माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकर. तिसरी, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही, ते गटाकडे परत येईल. चौथी, ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा आहे. पाचवी, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी रोख उभा करायचा. खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदानातून आणि बाकीचा प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून, अशी साधारण व्यवस्था होती. आणि सहावी, जी ऐकून आपल्या जिल्ह्यातला माणूस दचकेल, ती ही की ऊस, केळी आणि हळद यांसारखी फार पाणी पिणारी पिके या पाण्यावर घ्यावयाची नाहीत. पाणी सोडण्याचे काम गटाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे. कोणी आपल्या हाताने बारे फोडायचे नाही.

या अटींतली दुसरी अट नीट समजून घेऊ. समजा, एका घरी जमीन दोन एकर आणि खाणारी तोंडे सहा. दुसऱ्या घरी जमीन वीस एकर आणि तोंडे तीन. रूढ हिशोबाने वीस एकरवाल्याला दहापट पाणी जाते, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. साळुंख्यांच्या हिशोबाने सहा माणसांच्या घराला हक्क पोचतो तीन एकरांचा, पण कमाल मर्यादेमुळे मिळते अडीच एकराचे पाणी. तीन माणसांच्या घराला मिळते दीड एकराचे. वीस एकरवाला म्हणेल, जमीन माझी, तिच्यावर पडणारा पाऊस माझा. त्याला उत्तर असे की पाऊस कोणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही. तो साऱ्या पाणलोटावर पडतो, उतारावरून वाहतो, आणि ज्या गायरानावरून तो वाहत आला त्यात भूमिहीनाचाही भाग आहे.

हा विचार एखाद्या संताने किंवा पुढाऱ्याने मांडला असता तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. तो एका मापे तयार करणाऱ्या माणसाने मांडला, आणि त्याच्या धंद्यातच त्याचे बीज होते असे आम्हांस वाटते. कारखान्यात गेज कशासाठी असतो? भोक बरोबर पडले की नाही हे मालकाने ठरवायचे नाही, कामगारानेही ठरवायचे नाही. गेज आत गेला तर माल पास, नाही गेला तर नापास. समोर कोण उभा आहे हे गेजाला दिसत नाही. गावात पाण्यावरून जी भांडणे होतात ती बहुधा पाणी कमी असल्यामुळे होत नाहीत. माप नसल्यामुळे होतात. कोणाला किती मिळाले ते कोणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रत्येकाला आपल्याला कमी मिळाले असे वाटते. साळुंख्यांनी गावाला एक गेज दिला : माणशी अर्धा एकर. पाटलाच्या घरी तो तसाच लागतो, मजुराच्या घरीही तसाच.

अर्थात पाणीवाटपाचा विचार करणारे ते पहिले नव्हत. धुळे-नाशिककडची फड पद्धत कित्येक पिढ्यांची. पांझरा-मोसम नद्यांवर बंधारे घालून गावाने पाणी घ्यायचे, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि पाणी सोडणारा पाटकरी गावाचा. त्याच मुलखात आणि पुण्याकडे तरुणपणी नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली, ती याच हेतूने. कालव्याचे सारे पाणी थोड्या उसाच्या मळ्यांत जिरू नये, पिकांची पाळी लावून ते अधिक गावांना मिळावे. पुढे १९०८ साली मुसा नदीला महापूर येऊन हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी बोलावले ते विश्वेश्वरय्यांनाच. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे अभियंत्याचा सल्ला आपल्याला अपरिचित नाही. साळुंखे एक पाऊल पुढे गेले ते एवढ्याच बाबतीत की विश्वेश्वरय्यांनी पाणी अधिक शेतांपर्यंत नेले, साळुंख्यांनी ते शेत नसलेल्यापर्यंत नेले.

सल्लागाराची परीक्षा त्याच्या शिष्यांवरून होते. अण्णा हजारे सैन्यातून परत येऊन राळेगणसिद्धीत काम सुरू करीत होते, तेव्हा ते साळुंख्यांचे पुरंदरमधले काम पाहावयास गेले आणि पाणलोटाचा धडा तेथून घेऊन आले. राळेगणचे पाहून पुढे हिवरे बाजारने काम केले. पोपटराव पवार सरपंच असताना त्या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास आणि फार पाणी पिणाऱ्या पिकांना बंदी केली. एका माळावरची विहीर अशी तिसऱ्या गावाला पाणी पाजू लागली.

हे शिष्यपण आपल्या भूमीला नवे नाही. नरसीचे नामदेव आपलेच. परंपरा अशी सांगते की संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी आपले थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे आहे असे सर्वांदेखत सांगितले. नामदेव दुखावले, पण औंढ्याला येऊन विसोबा खेचरांपुढे शिकायला बसले. कुंभाराचे थापटणे हेही एक मापच नव्हे काय? खरा सल्लागार तो, जो आपल्या धंद्यातले माप घेऊन येतो आणि कच्च्याला कच्चे म्हणतो. आणि मोठा शिष्य तो, जो ते ऐकून निघून न जाता औंढ्याची वाट धरतो.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पाणी पंचायतीच्या योजना अनेक गावांत झाल्या, परंतु त्यांतील कित्येक पुढे बंद पडल्या. विजेची बिले थकली, पंप नादुरुस्त झाले, ज्यांची ऐपत होती त्यांनी स्वतःच्या विहिरी आणि कूपनलिका घेतल्या आणि गटातून मन काढून घेतले. सरकारने २००५ साली कायदा करून धरणांच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याचे तत्त्व मान्य केले, ते चांगलेच झाले. पण त्या कायद्यातही वाटा आहे तो जमीनधारकाचा. साळुंख्यांचे माप आम्ही उचलले, मोजायची वस्तू मात्र बदलली. ते माणसे मोजीत होते, आम्ही एकर मोजतो. कोणी म्हणेल, यावरून त्यांचा विचार अव्यवहार्य ठरला. आम्हांस तसे वाटत नाही. थर्मामीटर फुटला म्हणून ताप उतरत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा आपला जिल्हा. पूर्णेवर येलदरी शेजारच्या परभणी जिल्ह्यात आणि सिद्धेश्वर आपल्या औंढा तालुक्यात, तर पैनगंगेवर इसापूर. धरणे आपल्या पायाशी आहेत. पण पाणी उताराने जाते. ज्यांच्या शिवारात कालवा पोचला, त्या वसमतकडच्या काळ्या रानात ऊस आणि हळद झाली. सेनगाव-औंढ्याच्या माळावरच्या गावांना मात्र कयाधूच्या आणि ओढ्यांच्या भरवशावर राहावे लागते, आणि कयाधू उन्हाळ्यात कशी दिसते ते पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पाऊस आपल्याकडे पुरंदरपेक्षा अधिक. सरासरी धरली तर सुमारे आठशे मिलिमीटर. एका एकरावर आठशे मिलिमीटर पाऊस म्हणजे बत्तीस लाख लिटर पाणी. हा आकडा ऐकून छाती फुगते, पण त्यातले बरेचसे उन्हाने उडते, बरेचसे वाहून जाते, आणि आपल्या काळ्या खडकाच्या पोटात, भेगांमध्ये आणि मुरमात, जेवढी जागा असेल तेवढेच साठते. जमिनीखाली अथांग समुद्र आहे अशी समजूत धरून आपण एकामागून एक कूपनलिका खोल नेतो. खाली समुद्र नाही. एक सामाईक रांजण आहे, आणि त्यात प्रत्येकाने आपापली नळी सोडली आहे. ज्याची नळी लांब, तो शेवटपर्यंत पितो.

या रांजणातून आपण हळद पिकवतो. हळदीची निंदा करायला आम्ही येथे उभे नाही. हळदीने या जिल्ह्यात मुलींची लग्ने झाली, मुले शिकली, घरांवर स्लॅब पडला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु हे आठ-नऊ महिन्यांचे पीक. पाऊस उघडल्यावर पुढे माघापर्यंत त्याला पाणी लागते, आणि ठिबक आले तरी लागते. साळुंख्यांनी ज्या तीन पिकांची नावे घेतली त्यांत एक आपले सोने आहे. म्हणूनच त्यांचे स्मरण पुण्यात करण्यापेक्षा हिंगोलीत करणे अधिक अवघड आणि अधिक गरजेचे आहे. आपल्याला न दुखवणाऱ्या माणसाचे स्मरण करणे सोपे असते.

मग हळद सोडावी काय? त्यांच्या नियमांचा अर्थ आम्ही असा लावतो. आधी पिण्याचे पाणी, मग माणशी पोटापुरत्या पिकाचे पाणी, मग चाऱ्याचे. हे सारे मोजून झाल्यावर रांजणात जे उरेल त्यावर हळद घ्या, खुशाल घ्या. पण आधी हळद आणि उरल्यास शेजाऱ्याला पिण्याचे, हा क्रम उलटा आहे. आणि उरते किती, हे अंदाजाने ठरवायचे नाही. कोजागिरीच्या सुमारास, पाऊस आटोपला की, प्रत्येक गावाने पाच-दहा विहिरींना दोरी सोडून पाण्याची पातळी घ्यावी, वर्षाचा पाऊस लिहावा, गावातली माणसे आणि जनावरे मोजावीत, आणि ते आकडे चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. यासाठी सरकारी हुकूम लागत नाही. दोरी, खडू आणि एक संध्याकाळ लागते.

हा हिशोब खेड्यांनीच करावा आणि शहराने ऐकावा, असेही नाही. आपण येथे बसलेले बहुतेक नगरवासी. आपल्या घरोघरी कूपनलिका आहेत, आणि त्याच रांजणात आपल्याही नळ्या आहेत. उन्हाळ्यात टँकर येतो तो कोणाच्या तरी शिवारातूनच येतो. तेव्हा प्रत्येक गल्लीने आपल्या कूपनलिकांचा आणि माणसांचा आकडा एका कागदावर मांडून पाहावा. तो आकडा सुखाचा असेल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही.

साळुंख्यांकडे सत्ता नव्हती, पद नव्हते, आणि त्यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे अशी कोणावर सक्ती नव्हती. त्यांच्याजवळ चाळीस एकर माळरान होते, तिथे त्यांनी आधी स्वतः करून दाखवले होते, आणि हातात एक माप होते. एवढ्या भांडवलावर त्यांनी गावोगावच्या माणसांना, आपल्या हिश्श्याहून अधिक पाणी घेऊ नका, असे सांगितले, आणि काही वर्षे, काही गावांत, लोकांनी ते ऐकले. जे एकदा घडले ते पुन्हा घडू शकते. हिंगोलीत ते कोणी घडवायचे, याचे उत्तर व्याख्यात्याकडे नसते. ते श्रोत्यांबरोबर घरी जाते.